आमची पडावची गाडी

पडाव म्हणजे प्रवाशांचा मुक्काम. ग्वाल्हेरातील ज्या भागात आम्ही राहतो त्याचे हे नाव, आणि या शहराच्या स्वभावाला ते चांगले शोभते. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला. हळूहळू तंबूंच्या जागी वाडे उठले आणि त्या तळाचेच 'लष्कर' हे शहर झाले. तात्पुरते म्हणून आलेले येथे कायमचे होऊन बसते आणि कायमचे वाटणारे एके दिवशी निघून जाते. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून श्योपूरला जाणारी चिमुकली आगगाडी २०२० साली बंद झाली. तांगे तर त्यापूर्वीच विरळ झाले होते. आज पडावच्या चौकात ई-रिक्षांची अशी दाटी असते की, रस्ता ओलांडणाऱ्याने देवाचे नाव घेऊनच पाऊल उचलावे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, आमच्या अंगणात जी गाडी तयार झाली तिचे तोंड जीपचे, पाठ तांग्याची आणि काळीज ई-रिक्षाचे आहे. ती पाहून पुष्कळ जण हसले. हसणाऱ्यांचे आम्हां तिघा भावंडांस काही वाटले नाही. एक गृहस्थ मात्र हसले नाहीत, रागावले. आणि त्यांच्या रागाला उत्तर देणे आम्हांस बरेच जड गेले.

मूळ जीप आमच्या आजोबांची. त्यांना घरात सर्व जण अण्णा म्हणतात. १९७८ साली एका सरकारी लिलावात त्यांनी ती घेतली, तेव्हाच ती वयस्क होती. विलिस कंपनीचा सीजे-३बी नावाचा हा नमुना अमेरिकेत १९५३ साली निघाला आणि पुढे परवान्याने महिंद्रा कंपनीने तो आपल्याकडे बांधला. या जीपचे बॉनेट तिच्या बहिणींपेक्षा उंच असते. त्याचे कारण मौजेचे आहे. तिच्यातील 'हरिकेन' इंजिनात हवा व पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेऊन बसविले; त्यामुळे इंजिनाची शक्ती वाढली, पण उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केले! कोणी या गाडीला बेढब म्हणतात. आम्हांला तो भव्य कपाळाचा चेहरा फार आवडतो.

अण्णांनी पेट्रोल परवडेना तेव्हा मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसविले, कापडी छत काढून पत्र्याचे केले आणि रंग तर तीन वेळा बदलला. मग ते थकले, जीपही थकली. पंधरा वर्षे ती कडुनिंबाखाली उभी राहिली. तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला आणि चासी दोन ठिकाणी इतकी गंजली की, बोटाने दाबली तरी पापुद्रे निघत. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. बाबांनी आम्हांस दिवाळीपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर अंगण मोकळे व्हावयास हवे होते.

याच सुमारास अण्णांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. शेत घरापासून दूर, आणि तेथे पोहोचले तरी बांधापासून विहिरीपर्यंतचे अंतर त्यांना चालवेना. दोन वर्षांत त्यांनी स्वतः लावलेले आंबे पाहिले नव्हते. उंच जीपमध्ये चढणे तर अशक्यच. तांग्याला मात्र मागे पावदान असते. त्यावर पाय ठेवून, मागच्या बाजूला तोंड करून बसता येते. लष्करात एका मोडलेल्या तांग्याची बैठक मिळते आहे असे कळले आणि आमच्या डोक्यात ही विचित्र कल्पना शिरली.

आता त्या रागावलेल्या गृहस्थांविषयी. ते बाबांचे स्नेही; जुन्या मोटारी मूळ स्वरूपात उभ्या करण्याचा त्यांना नाद आहे. साधा स्क्रू बदलावयाचा तरी तो त्याच सालचा, त्याच आट्यांचा हवा, म्हणून ते महिनोन्‌महिने हिंडतात. आमचा बेत ऐकून ते अण्णांना म्हणाले, "काका, अशा गाड्या उरल्यात किती? आणि तुमची ही मुलं तिच्यावर करवत चालवणार? एकदा कापलेली गाडी पुन्हा मूळची होत नाही."

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. २०२१ साली निघालेल्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण ते मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते, चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे सरकारनेही आमच्या स्नेह्यांचाच पक्ष घेतलेला. आम्ही त्या रात्री तिघेही गप्प होतो.

परंतु 'मूळचे' म्हणजे कोणाचे मूळचे, हा प्रश्न मनातून जाईना. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावरील मोटारींच्या कसोटीत रोल्स-रॉइस कंपनीची 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची गाडी उतरली होती. घाट चढून नाव मिळविलेली ती मोटार आमच्याच ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी केवळ चासी आणि इंजिन बनवी. वरचा साज गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे दुसरे कारागीर चढवीत. आज ज्या राजेशाही मोटारींचे 'मूळ रूप' प्राणपणाने जपले जाते, त्यांचे ते रूप म्हणजे कोणा एकाची हौसच होती.

याहून मोठा मासला कलकत्त्याचा. १९१० साली तेथील मॅथ्यूसन नावाच्या एका साहेबाने इंग्लंडच्या ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. हंसाच्या डोळ्यांत दिवे लागत आणि चोचीतून गरम पाण्याचे फवारे उडत! रस्त्यात असा हलकल्लोळ माजू लागला की, पोलिसांनी तिला बंदी केली. पुढे ती नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली. आज ती नेदरलँड्समधील हेग शहरी लौमन संग्रहालयात आहे आणि तिची दुरुस्ती करताना ती मूळच्यासारखीच व्हावी याची केवढी काळजी घेतली गेली! जन्मली तेव्हा ती वेड्याची गाडी होती.

आमचा हा युक्तिवाद अण्णांना फारच आवडला. ते स्नेह्यांना म्हणाले, "अरे, हिचा मूळ रंग कोणता, ते मलाच आठवत नाही. तू कोणता लावणार?"

तरीही आम्ही एक गोष्ट कबूल केली. जे धड आहे त्याला करवत लावावयाची नाही. बॉनेट, पुढची जाळी, काचेची चौकट आणि सुकाणूचे चक्र, एवढेच धड होते. ते वेल्डिंगने न जोडता सर्वत्र नटबोल्टांनीच बसवावयाचे, म्हणजे उद्या कोणास हवे असल्यास पान्याने सोडवून घेता येईल. आमच्या मते जुन्या वस्तूशी प्रामाणिक राहण्याचा हाही एक प्रकार आहे. संपूर्ण, अखंड जीप हाती आली असती तर आम्ही तिला हातही लावला नसता, हे येथे सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण कायद्याची. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलात बदल केलेले वाहन रस्त्यावर चालविता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केला. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून मुलासाठी एक छोटी जीप घडविली. दुचाकीप्रमाणे लाथ मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. लोहारांनी ती २०२२ च्या जानेवारीत स्वीकारली. आम्हांस बोलेरो कोणी देणार नव्हते! म्हणून बाबांनी परिवहन कार्यालयात जाऊन जीपची नोंदणी रीतसर रद्द करविली आणि गाडी फक्त आमच्या शेतात चालेल असे ठरले.

मग मिस्त्री आले. वेल्डिंगला त्यांनी आम्हांस जवळ फिरकू दिले नाही. घासणे, रंगविणे आणि चहा आणणे एवढेच आमच्या वाट्यास आले. गंजलेल्या चासीच्या जागी लोखंडी चौकट झाली. एका अपघाती ई-रिक्षाचा मागचा आस मोटरसकट मिळाला. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात. पण त्या ठेवाव्या कोठे? तेव्हा ते उंच बॉनेट कामास आले. हरिकेन इंजिनासाठी वाढविलेल्या त्या कपाळाखाली चारही बॅटऱ्या ऐसपैस मावल्या. मिस्त्रींनी सर्वांत जास्त वेळ ब्रेकवर घालविला. चालणारी गाडी कोणीही करील, थांबणारी करणे कठीण, असे त्यांचे मत.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिला शेतात नेले. वेग फार तर सायकलीएवढा. अण्णा पावदानावर पाय ठेवून चढले, मागे तोंड करून बसले आणि विहिरीपाशी पोहोचेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. आंब्यांपाशी मात्र उतरताच त्यांनी कोणत्या झाडाला पाणी कमी पडले यावरून गड्याची चांगली हजेरी घेतली.

हिवाळ्यात ते स्नेही पुन्हा आले. जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेले मूळ पेट्रोल इंजिन अण्णांनी त्यांना दाखविले. कित्येक वर्षे त्यांच्या जीपला तसलेच इंजिन मिळत नव्हते. किंमत घेण्यास अण्णा तयार होईनात, तेव्हा पुढच्या खेपेस त्यांनी दिव्यांची एक जोडी आणली आणि आमचे दिवे चुकीच्या सालचे आहेत असे सुनावून, ती स्वतःच्या हाताने, अर्थातच नटबोल्टांनी, बसवून दिली. गाडीत बसण्याचे मात्र त्यांनी नाकारले.

बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालण्याची पाळी कोणाची, यावरून आम्हां तिघांत अद्याप एकमत झालेले नाही.