मेंढपाळ परत गेले

दिवाळी सरली तरी तुळशीच्या लग्नापर्यंत तिचे कौतुक थोडेफार पुरते. गणपती बोळवले तरी पाठोपाठ नवरात्राची चाहूल असते. नाताळाचे तसे नाही. नवे वर्ष उजाडले, 6 जानेवारीचा मागी लोकांचा सण उलटला, की घरोघरचे कागदी तारे खाली उतरतात, झाडावर बर्फ म्हणून पसरलेला कापूस पेटीत जातो आणि डब्याच्या तळाशी करंज्यांचा चुरा तेवढा उरतो. आमच्या नगरात खरे बर्फ कधी पडत नाही. पण कापसाचे बर्फ नाहीसे झाले म्हणजे अंगणात खरोखरीची थंडी शिरल्यासारखी वाटते.

ही रुखरुख केवळ सजावटीपुरती असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु डिसेंबरात ज्या श्रद्धेने आपण ‘देव प्रीतिस्वरूप आहे’ असे गातो, तिची परीक्षा जानेवारीत असते. गाणारे शंभर कंठ सभोवती असताना एकट्याचा सूर सहज लागतो. मंदिराचे दार बंद होऊन घरची वाट धरल्यावर तो टिकतो का, हाच खरा प्रश्न.

माझे वडील वारले ते अशाच एका जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. पंधरवड्यापूर्वीच त्यांनी खर्जातला आवाज लावून नाताळची गीते म्हटली होती. पहिले तीन-चार दिवस सारी आळी लोटली. रिवाजाप्रमाणे कडू घास आला, प्रार्थना झाल्या, सांत्वनाची वचने वाचली गेली. पुढे ज्याला त्याला आपापला उद्योग लागला, आणि त्यात कोणाचा दोषही नव्हता. शेजारच्या एक वृद्ध बाई मात्र रोज दिवेलागणीला येत राहिल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. पदराखाली झाकलेली भाकरी आणि वाटीभर कालवण घेऊन त्या यायच्या आणि आईजवळ नुसत्या बसायच्या. एकदा आई त्यांना म्हणाली, “आत्याबाई, देवाचे प्रेम, देवाचे प्रेम म्हणतात, मला ते आता कुठेच दिसत नाही हो.” आत्याबाईंनी वाद घातला नाही, वचनही सांगितले नाही. ताट पुढे सरकवून त्या एवढेच म्हणाल्या, “आधी दोन घास खाऊन घे, बाई.”

याहून नेमके उत्तर मी कोणत्याही व्यासपीठावरून ऐकलेले नाही. आईचे दुःख त्याने हलके झाले असे मी म्हणणार नाही. ते एकाकी राहिले नाही, इतकेच. पुनरुत्थानाचा सण येईपर्यंत आत्याबाईंची ती फेरी एक दिवस चुकली नाही.

त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानातील नाताळची कथा मी वाचतो तेव्हा माझी नजर देवदूतांवर फारशी ठरत नाही. मेंढपाळ परत गेले, या गोष्टीवर ती थबकते. ते आनंदाने स्तुती गात परतले खरे, पण परतले ते त्याच माळावर आणि त्याच मेंढ्यांकडे. दुसऱ्या रात्रीही थंडी असणार होती, आकाश मुके राहणार होते आणि राखण तर करायचीच होती. गोठ्यातले बाळ तरी पुढे काय करते? नासरेथच्या सुताराच्या घरी वाढते. सेवाकार्यास आरंभ केला तेव्हा येशू सुमारे तीस वर्षांचा होता. आणि बालपणानंतरच्या त्या दीर्घ काळाविषयी, बाराव्या वर्षीचा मंदिरातील एक प्रसंग सोडला, तर शुभवर्तमाने जवळजवळ गप्प आहेत. देवाचे प्रेम देहधारी झाले असे जे आपण मानतो, त्या देहाची बहुतेक वर्षे रंधा ओढण्यात आणि घरच्यांच्या सहवासात गेली. त्या वर्षांना तारा नव्हता. प्रेम मात्र तेच होते.

आमच्या वसईच्या कॅथलिक बांधवांच्या उपासनेच्या पंचांगात याची मोठी मार्मिक खूण आहे. त्यात नाताळकाळाच्या वाट्याला दोन-तीन आठवडेच येतात. ‘सामान्य काळ’ मात्र तेहतीस-चौतीस आठवड्यांचा असतो, आणि त्या काळात धर्मगुरूच्या अंगावर हिरवे वस्त्र असते. हिरवा रंग उगवणीचा, वाढीचा. सणाच्या दिवशी बी पडते. पीक येते ते या बिनसणाच्या दिवसांत.

आपल्या महाराष्ट्रात हे पंडिता रमाबाईंइतके कोणी पुरेपूर जगले असेल काय? 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या व पुणे जिल्ह्यातील केडगावी त्यांना आसरा दिला. त्या प्रवासाचे धाडस लोकांना दिपवते. मला अधिक नवल वाटते ते पुढल्या पंचवीस वर्षांचे. इतक्या जणींना रोज जेवू घालायचे, आजारात उशाशी बसायचे, अक्षर शिकवायचे, विणकामाला आणि छापखान्याच्या कामाला हात लावायला शिकवायचे. आणि त्यातून उरलेल्या वेळात बायबलचे मराठी भाषांतर. 1922 साली डोळे मिटेपर्यंत हे चालले होते. त्या कामात नाताळचा दिवस वर्षातून एकदाच येई. पाणी मात्र रोज भरावे लागे.

म्हणून नाताळ संपला याची खंत मला आता पूर्वीसारखी वाटत नाही. प्रेमाची वार्ता सांगण्यास एक रात्र पुरली. ती खरी करण्यास उरलेले वर्षही अपुरे पडते. आनंदाच्या रात्री आपल्याबरोबर गायलेल्या माणसांपैकी कोणाच्या घरी आज चूल पेटली नसेल, कोणाच्या उशाशी कोणीच नसेल. झाकलेली भाकरी घेऊन त्या दाराशी जाणे, आणि उद्या पुन्हा जाणे, एवढेच आपल्या हाती असते. आणि माझ्या आईला त्या जानेवारीत देव दिसला असेल, तर तो याच वाटेने आला असेल.