बेचाळीस म्हणजे ब्रेक

माझ्या गाडीच्या आरसी बुकात १९९७ साल आहे. गाडी पिंपरीत जोडली गेली ती त्याआधी, आणि तिचे भाग लाकडी खोक्यांत भरून जर्मनीहून निघाले ते त्याच्याही आधी. त्यामुळे काउंटरवर 'सत्त्याण्णवची ई २२०' एवढंच सांगून पार्ट मागितला तर हातात काय पडेल याचा भरवसा नसतो. हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी काका म्हणतो. नात्यानं ते माझे कुणी लागत नाहीत. पण ही गाडी आज रस्त्यावर आहे ती त्यांच्यामुळे, आणि हे देणं फिटेल असं मला वाटत नाही.

मर्सिडीजच्या या मॉडेलचं कारखान्यातलं नाव डब्ल्यू १२४. जर्मनीत ते १९८४ च्या अखेरीला आलं. आपल्याकडे १९९४ मध्ये टाटांच्या टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, या गाडीची जुळणी सुरू झाली. त्याच वर्षी जर्मनीत तिच्या जागी डब्ल्यू २१० आली. चाकणचा कारखाना २००९ चा. लोक आता मर्सिडीज म्हटलं की चाकण म्हणतात, पण तिची इथली पहिली पावलं पिंपरीतली आहेत आणि पिंपरीकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

इतकी वर्षं चाललेल्या मॉडेलमध्ये बदल होणारच. १९९३ मध्ये चेहरा बदलला. पुढची जाळी बॉनेटमध्येच बसवली, चांदणी जाळीवरून बॉनेटवर गेली. हे रस्त्यावरच्या पोरालाही ओळखता येतं. अडचण असते ती न दिसणाऱ्या बदलांची. कंपनीचं मॉडेल-वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. तिकडच्या कारखान्याची उन्हाळी सुट्टी संपली की, सप्टेंबरच्या सुमाराला, नवं वर्ष धरतात. म्हणजे एकाच सालच्या मार्चमधली आणि ऑक्टोबरमधली गाडी कागदावर सारखीच, आत मात्र फरक. शिवाय एखादा पार्ट सुट्टीची वाट न बघता मधेच बदलतो. कॅटलॉगात त्यासाठी बारीक अक्षरात तळटीप असते: अमुक चासी नंबरपर्यंत हा पार्ट, तिथून पुढे तो. यात आरसी बुकातल्या सालाला काही किंमत नाही. आणि आपली गाडी खोक्यांतून येऊन इथे जोडलेली, मग शोरूममध्ये थांबून पासिंग झालेली, म्हणजे साल आणखी लांब सरकलेलं.

काकांकडे मी पोचलो ते ब्रेकपॅडमुळे. पुण्यातल्या एका दुकानात साल विचारून मला पुढचे पॅड देण्यात आले होते. डबा चांगल्या कंपनीचा, वर १२४ छापलेलं. पण पॅड कॅलिपरमध्ये बसेनात. फिटर म्हणाला, "जरा घासून बसवतो, काही होत नाही." शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, आधी शाहूनगरला जा, तिथे टेल्कोच्या स्टोअर्समधले एक रिटायर गृहस्थ आहेत, त्यांना दाखव.

काकांनी पॅड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "जुने कुठायत?" ते गॅरेजमध्येच पडले होते. "मग ते घेऊन ये. आणि कॅलिपरवर काय कोरलंय ते वाचून ये. घासून बसवायला ते ब्रेक आहेत, कपाटाचं दार नाही." मी परत गेलो. कॅलिपरवर गर्लिंगचं नाव होतं, आणलेले पॅड टेव्हेसच्या कॅलिपरचे होते. या मॉडेलला दोन्ही कंपन्यांचे कॅलिपर लागत. दोघांच्या पॅडचा आकार वेगळा, आणि चासी नंबर कितीही बरोबर असला तरी निव्वळ नंबरावरून मधला फरक सुटत नाही. गाडीवर प्रत्यक्ष काय बसलंय ते बघावंच लागतं.

त्या दिवसापासून माझे रविवार शाहूनगरला जाऊ लागले. काकू जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून द्यायच्या आणि त्यावर माझे काळे, तेलकट पार्ट मांडले जायचे. एका बाजूला काढलेला, दुसऱ्या बाजूला आणलेला. काकांचा व्हर्निअर, भिंग आणि एक जाड रजिस्टर. ते मला आधी नंबर वाचायला लावत.

मर्सिडीजच्या पार्ट नंबरात 'ए' या अक्षरानंतर दहा आकडे असतात. पहिले तीन आकडे तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी किंवा इंजिनासाठी बनला ते सांगतात. १२४ म्हणजे या बॉडीसाठी, १११ म्हणजे माझ्या गाडीच्या इंजिनासाठी. माझ्या गाडीच्या मागच्या अॅक्सलमध्ये २०१ नं सुरू होणारे नंबर दिसले तेव्हा मी घाबरलो. काका हसले. मागच्या चाकांची ती पाच दांड्यांची रचना १९८२ च्या छोट्या १९० मध्ये, म्हणजे २०१ मध्ये, पहिल्यांदा आली आणि मग १२४ नं ती घेतली. पार्ट त्या गाडीसाठी जन्मला, म्हणून नंबर तिचा. दोन शून्यांनी सुरू होणारे पार्ट कुठल्या एका मॉडेलचे नसतात. ब्रेकपॅड, बेअरिंग, सील त्यातले. पुढचे दोन आकडे गटाचे. ३२ स्प्रिंगांचा, ३५ मागच्या अॅक्सलचा, ४२ ब्रेकचा, ४६ स्टिअरिंगचा, ५० कूलिंगचा.

"तुम्ही तर ट्रकच्या स्पेअर्सला होता, मग हे पाठ कसं?" मी एकदा विचारलं. काकांनी रजिस्टरचं जुनं पान उघडलं. टाटाच्या गाड्यांचे पार्ट नंबर. त्यातही मधे ४२ म्हणजे ब्रेक, ४६ म्हणजे स्टिअरिंग, ५० म्हणजे रेडिएटर. १९५४ मध्ये टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार केला, जमशेदपूरला ट्रक बनू लागले, १९६९ मध्ये करार संपला, ट्रकच्या तोंडावरची चांदणी उतरली. गटांचे आकडे मात्र राहिले. पिंपरीचा कारखाना १९६६ चा, काका तिथे लागले तेव्हा चांदणी गेलेली होती, पण त्यांनी पहिल्या आठवड्यात जे आकडे पाठ केले ते श्टुटगार्टचेच होते. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. परदेशी तंत्र आपण घेतलं याच्या कथा कारखान्यांच्या आणि मोठ्या माणसांच्या नावानं लिहिल्या जातात. ते तंत्र खरं मुरलं ते स्टोअरच्या खिडकीमागे उभं राहून दिवसभर नंबर वाचणाऱ्या माणसांत.

स्प्रिंगांचा धडा मला सगळ्यात आवडतो. गाडी एका बाजूला किंचित बसलेली वाटायची. स्प्रिंगा बदला, असं दोन ठिकाणी सांगितलं गेलं. काका म्हणाले, "आधी वरचा रबर काढून त्यावरचे उंचवटे मोज." स्प्रिंग आणि बॉडी यांच्यामधल्या त्या रबरी पॅडच्या कडेला छोटे उंचवटे असतात. एक उंचवटा म्हणजे सगळ्यात पातळ, जितके जास्त तितका पॅड जाड. कारखान्यात गाडीवर कायकाय बसवलंय त्याचं वजन धरून स्प्रिंग आणि पॅडची जोडी ठरवत. माझ्या गाडीच्या दोन बाजूंना वेगवेगळे पॅड निघाले. मधल्या कुणा मालकाच्या गॅरेजनं मिळेल तो रबर लावला होता. स्प्रिंगा ठणठणीत होत्या. हजारोंचा खर्च वाचला, पण त्याहून मोलाचं म्हणजे, पार्ट बदलण्याआधी पार्टलाच विचारायचं असतं हे अंगवळणी पडलं.

आणखी एक त्यांनी माझ्याकडून गिरवून घेतलं. दुकानदार 'हा नंबर बंद झाला' म्हणाला की निराश होऊन परतायचं नाही. पुष्कळदा जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर आलेला असतो, वस्तू तीच किंवा सुधारलेली. जर्मनीत फेलबाखला कंपनीचं जुन्या गाड्यांसाठीचं केंद्र १९९३ पासून आहे, आणि बंद वाटणारे पार्ट पुन्हा उपलब्ध होतात. खरोखरच बंद झालं तर भोसरीत बुश टर्न करून देणारी माणसं आहेत. जुना बाजारही काका वर्ज्य मानत नाहीत. बुधवारी किंवा रविवारी जायचं, मात्र व्हर्निअर खिशात ठेवून.

पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. मी एकदा पाकीट पुढे केलं तर काकूच रागावल्या. काकांनी एकच मागितलं: प्रत्येक पार्टचा जुना नंबर, नवा नंबर, मोजमाप, कुठे मिळाला आणि कुणाचा बसला नाही, हे सगळं लिहून ठेवायचं आणि मागेल त्याला वही द्यायची. "मला कुणी दाखवलं तेव्हा त्यानं बिल लावलं होतं का?" एवढंच ते म्हणाले. ती वही आता निगडी, मोशी, तळेगावपर्यंत फिरून आली आहे. तिच्या समासांत दुसऱ्यांच्या अक्षरातल्या दुरुस्त्या आहेत, आणि त्या पाहून काकांना माझ्या नोंदींपेक्षा जास्त आनंद होतो.

गेल्या महिन्यात आकुर्डीचा एक मुलगा आला. त्याच्या आजोबांची टाटा सिएरा, १९९१ मध्ये आलेली ती तीन दारांची गाडी, खास आपल्या पिंपरी-चिंचवडची. तिचं पुढचं बरंच काही टाटामोबाइल पिकअपशी नातं सांगतं, आणि त्यामुळे दुकानदार तिला पिकअपचे, इस्टेटचे, सुमोचे पार्ट सर्रास देतात. काही बसतात, काही बसल्यासारखे वाटतात. त्याला ब्रेकचा एक पार्ट हवा होता आणि तोही साल सांगत होता. मी त्याला जुना पार्ट स्वच्छ पुसून त्यावरचे आकडे वाचायला सांगितले. गंजाखालून मधे ४२ निघाला. बाकीचे आकडे लागत नव्हते, म्हणून काकांना फोन केला. आता त्यांना बारीक वाचता येत नाही, ऐकू मात्र स्वच्छ येतं. त्यांनी आकडे ऐकून घेतले, थोडं थांबले आणि म्हणाले, "फोनवर नको. पोराला घेऊन ये. आणि जुना पार्ट भंगारात टाकू नका."

या रविवारी आम्ही दोघं शाहूनगरला जाणार आहोत. मुलाला मी चासी नंबरचा ठसा कागदावर उतरवून आणायला सांगितलंय.