हौदातले शेवाळ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने वसतिगृहाच्या आठवणी लिहून मागितल्या आहेत. माझी आठवण शेवाळाची आहे, आणि ती नीट सांगायची तर सुरुवात लंडनपासून करावी लागेल.

२०२३ च्या उन्हाळी सुटीत मी प्रथमच परदेशी गेलो. १९९६ साली मी रेक्टर असताना आपल्या वसतिगृहात राहिलेल्या एका विद्यार्थ्याने हट्टाने बोलावले होते. नाव छापू नका, अशी त्याची अट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, त्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरासमोर एकदा उभे राहावे, ही माझी जुनी इच्छा पहिल्याच आठवड्यात पूर्ण झाली. तेथून टेकडी ओलांडून आम्ही रीजेंट्स पार्कपर्यंत चालत गेलो. तेथील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, हे मला त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याकडून कळले. इतिहासाचा शिक्षक मी. पण हा इतिहास पाठ होता त्याला, कारण त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी होती.

“सर, टाकी दाखवायची लाज वाटते,” तो म्हणाला.

अडीचशे लिटरची काचेची टाकी. आत खडकांची रचना, दोन नारिंगी क्लाऊनफिश आणि मऊ प्रवाळांच्या काही वसाहती. हे सारे होते असे म्हणायचे, कारण डोळ्यांना दिसत होते ते फक्त शेवाळ. बोटभर लांबीचे, हिरव्या केसांसारखे, प्रत्येक खडकावर. प्रवाळांच्या फुलांसारख्या तोंडांभोवती त्याचा वेढा पडला होता आणि निम्म्याहून अधिक तोंडे मिटलेली होती. त्याची नऊ वर्षांची मुलगी रोज सकाळी उघडलेली तोंडे मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहीत असे. तो आकडा महिनोन्महिने उतरत चालला होता. महिनाअखेर टाकी मोडायची, मासे दुकानदाराला परत द्यायचे, असे त्याने ठरवले होते. मुलीला मात्र अजून सांगितले नव्हते.

आठ महिने दर रविवारी तो टूथब्रशने खडक घासत होता. पाण्याची तपासणीही करत होता आणि तिची वही ठेवत होता. शेवाळाचे मुख्य खाद्य नायट्रेट आणि फॉस्फेट. वहीत दोन्हींचे आकडे जवळजवळ शून्य. “पाणी स्वच्छ आहे, सर. म्हणजे माझंच घासणं कमी पडतंय.”

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. कारण ते त्याचे नव्हते. ते माझे होते.

जुन्या विद्यार्थ्यांना वसतिगृहामागचा सिमेंटचा हौद आठवत असेल. वर छप्पर नाही, दिवसभर ऊन, बाजूच्या पिंपळाची पाने आत पडायची, आणि काठावर मुले ताटे विसळत त्यातला भात-वरणाचा अंश हौदात जायचा. दर रविवारी दोन मुलांची पाळी असे. हौद उपसायचा, काथ्याने घासायचा, टीसीएल पावडर टाकून धुवायचा. एका रविवारी याची पाळी होती, आणि गुरुवारी हौदाच्या भिंती पुन्हा हिरव्या झाल्या. संध्याकाळच्या वंदनेनंतर मी त्याला सर्वांसमोर उभे केले, कामचुकार म्हटले आणि आठवडाभर खेळ बंद केला. तो बारा वर्षांचा होता. “घासला होता, सर,” एवढेच तो म्हणाला होता. पुढे हिवतापाच्या पाहणीला आलेल्या आरोग्यसेवकाने डासांसाठी हौदावर पत्रे टाकायला लावले. त्यानंतर हौदात शेवाळ धरले नाही. त्या दोन गोष्टींचा संबंध मात्र मी कधी जोडला नाही.

त्या रात्री मी त्याची वही पुन्हा वाचायला घेतली. कागदपत्रात उल्लेख नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे मानणारा विद्यार्थी इतिहासात नापास होतो. पाण्यात फॉस्फेट सापडत नव्हते, कारण ते येताक्षणी शेवाळ गिळत होते. ज्याचा शोध चालला होता ते पाण्यात नव्हते, त्या हिरव्या केसांत साठले होते. मग प्रश्न एवढाच उरला, की ते येते कुठून?

उत्तर स्वयंपाकघरातल्या नळात निघाले. टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाण्याची वाफ होते. मीठ मागे राहते, म्हणून वरून गोडे पाणी घालावे लागते. तो नळाचे पाणी क्लोरिन काढून घालत असे. ब्रिटनमध्ये जुन्या घरांना शिशाच्या नळ्या आहेत. शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पाणीपुरवठ्यातच फॉस्फेट मिसळतात. माणसाच्या प्रकृतीसाठी ते योग्यच. पण टाकीत दररोज खताची मात्रा पडत होती. त्यात मुलगी मायेपोटी गोठवलेले खाद्य वितळलेल्या पाण्यासकट घालत होती आणि दिवे बारा तास चालू होते. आमचा हौदच तो, फक्त खारा.

पुढचे काम कंटाळवाणे होते. आरओ आणि त्यापुढे आयन काढणारी गाळणी बसवून त्याच पाण्यात समुद्री मीठ, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, कालवायचे. खाद्य गाळून द्यायचे. दिवे आठ तासांवर आणायचे. खडक टाकीत घासायचा नाही, कारण सुटलेला तुकडा तुकडा पुन्हा रुजतो; टाकीतलेच पाणी बादलीत घेऊन त्यात खडक उपटून काढायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे. प्रत्येक मूठभर शेवाळाबरोबर त्यात साठलेले फॉस्फेट घराबाहेर जाते. चरण्यासाठी शंखातल्या टर्बो गोगलगायी आणल्या. खालच्या छोट्या टाकीत रात्रीच्या दिव्याखाली कीटोमॉर्फा नावाचे गुंतवळासारखे शेवाळ वाढवले. तेच खाद्य ते आधी खाते, मग ते कापून टाकायचे. शेवाळावर शेवाळाचाच उतारा! हे मात्र मुलीला फार आवडले.

चरणाऱ्यांचे महत्त्व मला तिथल्या वाचनात समजले. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात एका रोगाने लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन जवळजवळ नामशेष झाले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते; उरलेले चरणारेही गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे तळाचा निम्मा भाग जिवंत प्रवाळांचा होता. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो तीन टक्क्यांच्या आसपास आला. बाकी सारे शेवाळ. तिथे घासायला कोण जाणार होते?

तिसऱ्या आठवड्यात टाकी आधीपेक्षा वाईट दिसू लागली. खडकांत मुरलेले फॉस्फेट झिरपत होते. तो पुन्हा ब्रश शोधू लागला, तेव्हा मी त्याला खाली बसवले आणि हौदाचा विषय काढला. मी चुकलो होतो, सर्वांसमोर चुकलो होतो, असे म्हणालो. तो बराच वेळ टाकीकडे बघत राहिला. “सर, त्या रविवारी मी दोनदा घासला होता,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलं नाही.”

शिक्षा सर्वांसमोर केली होती, म्हणून हे सर्वांसमोर लिहीत आहे. तेवढी परवानगी त्याने दिली.

मी परतलो तेव्हा शेवाळ निम्मेच गेले होते. ऑक्टोबरात मुलीने कॅलेंडरचे छायाचित्र पाठवले. आकडा चढता आहे. मागच्या कोपऱ्यातल्या एका खडकावर थोडे शेवाळ अजून आहे, आजोबा, असे तिने खाली लिहिले आहे. गोगलगायींना लागेल म्हणून ते तिने ठेवले आहे.