पुढच्या वर्षी

मनुष्याला सर्वांत अधिक फसविणारे शब्द कोणते, असे कोणी मला विचारले, तर 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द मी सांगेन.

आमच्या दिवाणखान्यात एका जुन्या दिनदर्शिकेतले चित्र कित्येक वर्षे टांगलेले आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा देशाच्या गोझो नामक चिमुकल्या बेटावरचे ते दृश्य. निळ्याशार पाण्यात पाय रोवून उभी असलेली चुनखडकाची प्रचंड कमान आणि तिच्यातून डोकावणारे आकाश! दर उन्हाळ्यात आमची सौभाग्यवती विचारी, "यंदा जायचं ना?" आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता मी म्हणे, "पुढच्या वर्षी." अखेर ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कमान कोसळून समुद्रात नाहीशी झाली. ती बातमी वाचून ही एवढेच म्हणाली, "आता तरी जाऊ या."

आम्ही गेलो. माल्टाच्या मुख्य बेटावरून बोटीने अवघ्या पंचवीस मिनिटांची वाट. बेटही जेमतेम ६७ चौरस किलोमीटरांचे. द्वेराच्या किनाऱ्यावर कमानीच्या जागी नुसते आकाश होते. प्रवासी त्या रिकाम्या जागेचीच छायाचित्रे घेत होते. आम्हीही एक घेतले.

मग जगान्तियाची देवळे पाहिली. इसवी सनापूर्वी ३६००च्या सुमाराची ही पाषाणमंदिरे मिसरच्या पिरॅमिडांहूनही कित्येक शतके जुनी. एका राक्षसिणीने खांद्यावर मूल घेऊन ती बांधली, अशी तेथील दंतकथा आहे. ती ऐकून ही हसत म्हणाली, "तिला 'पुढच्या वर्षी' म्हणणारं कोणी भेटलं नसावं!"

बेटाचे मुख्य गाव रबात. १८८७ साली राणीच्या ज्युबिलीनिमित्त त्याचे 'व्हिक्टोरिया' झाले. आपल्या बोरीबंदरच्या स्टेशनालाही त्याच निमित्ताने तेच नाव मिळाले होते. आपण ते १९९६ साली बदलले. गोझोकरांनी नवे नाव कागदावर राहू दिले, पण तोंडातले रबात काही सोडले नाही.

या गावाच्या माथ्यावर जुना किल्ला आहे. १५५१ साली तुर्की आरमाराने तो घेतला आणि बेटावरची जवळजवळ सारी वस्ती गुलाम करून नेली. त्याच्या चढाशी येताच ही थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला सांगा."

तटावरून सारे बेट दिसत होते. चर्चचे घुमट, पायऱ्यापायऱ्यांची शेते, चोहीकडे समुद्र. दहा वर्षांपूर्वी आलो असतो, तर ही माझ्या पुढे धावत वर आली असती!

खाली येऊन मी तिला सारे सांगितले. ती मन लावून ऐकत होती. तीस वर्षे वर्गात मी वर्णने करीत आलो आहे. पण इतके अपुरे वर्णन कधी केल्याचे मला स्मरत नाही.