चिकलठाण्याची धांवपट्टी आणि बीडचा रस्ता

अजिंठा व वेरूळ येथील लेणीं पाहण्यासाठीं विमानानें येणाऱ्या प्रवाशाचा या नगरीशीं पहिला संबंध चिकलठाण्यास येतो. शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्याच्या बाजूला हा विमानतळ आहे. औरंगाबादचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें; पण वृद्ध मंडळी २६ एप्रिल १९९३ ची हकीकत सांगूं लागली कीं जुनेंच नांव त्यांच्या तोंडीं येतें. ज्यांस ती आठवत असेल त्यांनीं पुनरुक्तीची क्षमा करावी. घरांतील तरुणांस ती बहुधा ठाऊक नसते.

त्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ जातीचें विमान मुंबईस जाण्यासाठीं पूर्वेकडे धांवूं लागलें. आंत ११८ माणसें होतीं. उष्णतेनें हवा प्रसरण पावून विरळ होते, हें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. त्या धड्याचा प्रत्यय येथें येतो. एप्रिलांतली मराठवाड्याची दुपार, त्यांत हें पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंच. विरळ हवा पंखांस कमी तोलते, इंजिनासहि कमी पुरते. म्हणून विमानास अधिक धांवावें लागतें. (पुष्पक विमानास धांवपट्टी लागल्याचें कोठें वाचल्याचें आम्हांस स्मरत नाहीं, मानवाच्या विमानांचें तसें नव्हे.) पुरेसा वेग येतांच वैमानिकानें योग्य क्षणीं व योग्य रीतीनें नाक उचलावयाचें असतें. तें येथें उशिरा उचललें गेलें आणि विमानानें जमीन सोडली ती जवळजवळ पट्टीच्या टोकाशीं.

टोकापलीकडे बीडचा रस्ता होता. त्या रस्त्यावरून नेमकी त्याच क्षणीं कापसाच्या दाबलेल्या गांठी घेऊन एक मालमोटार चालली होती. मराठवाड्यांतील कोणाहि गृहस्थास हें दृश्य नवें नाहीं: एकेक गांठ सुमारे १७० किलोची, आणि गाडी वरपर्यंत रचलेली. रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर विमानाचें डावें चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग तिच्यावर आदळला. जखमी विमान तसेंच पुढें गेलें, ईशान्येस सुमारे ३ किलोमीटरांवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांस लागलें आणि उघड्या जमिनीवर कोसळलें. ५५ जण गेले, ६३ वांचले.

चौकशींत दोन कारणें ठरलीं. एक, नाक उचलण्यांत वैमानिकांकडून झालेला उशीर व त्यांची चुकीची रीत. दुसरें, उड्डाणाच्या वेळीं बीड रस्त्यावरील रहदारीचें नियमन करण्यांत विमानतळ-प्राधिकरणाची झालेली हयगय. वैमानिकांची चर्चा लोक फार करतात. आम्हांस दुसरें कारण अधिक विचार करण्याजोगें वाटतें. आगगाडी रुळांवरूनच जाणार हें पोरासहि कळतें, तरी फाटक बंद करून दोहोंकडच्या बैलगाड्या थांबवितात. मग विमानासाठीं दोन मिनिटें रस्ता अडविणें इतकें कां जड जावें? गांठी वाहणाऱ्या मोटारवाल्यानें आकाशाकडे पाहत गाडी हांकावी, अशी अपेक्षा तर कोणी करीत नाहीं ना?

विमान पट्टीबाहेर गेलें म्हणजे सर्व संपलें, असें मात्र नव्हे. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून निघालेलें सेस्ना १५२ जातीचें शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या शेतांत कोसळलें. आंत एकटी शिकाऊ तरुणी होती. तिला किरकोळ दुखापत झाली. असलें विमान भारासह सुमारे ७५० किलोचें, आणि जमिनीस टेकतांना त्याचा वेग ताशीं ८० किलोमीटरांच्या आसपास. भरलेलें बोइंग ४० टनांहून जड, व त्याचा वेग अडीचशेच्या घरांत. वेग तिप्पट झाला कीं किलोमागें आघाताची शक्ति नऊपट होते. वजनाचा हिशेब निराळाच. हें गणित मुलांकडून घरीं करवून घेण्यासारखें आहे. लहान विमानास एखादें रान पुरतें, पण विहिरी, बांध व तारा चुकवाव्या लागतात. आणि पावसाळ्यांत काळ्या मातींत पुढचें चाक रुतलें तर विमान पालथें होतें.

चिकलठाण्याची पट्टी आज सुमारे ९३०० फूट लांब आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथून दुपारच्या विमानानें जाणाऱ्या वाचकांनीं खिडकीशीं बसावें. धांव किती लांबते, आणि पट्टी सुटल्यावर खालचीं शेतें किती जवळून सरकतात, तें दिसतें.