आधी एक पावसाळा

मोटारसायकल चालवता येत नाही असा मनुष्य आपल्याकडे पुष्कळदा भेटतो. पण मोटारसायकलीविषयी मत नाही असा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला खांदेश्वर स्टेशनाबाहेर उभे राहा आणि पनवेल लोकलमधून घामाघूम होऊन उतरलेल्या कुठल्याही गृहस्थाला विचारा, "काय हो, अमुक गाडी कशी आहे?" तो गृहस्थ हातातली भाजीची पिशवी खाली ठेवील, कपाळ पुसील आणि आधी विचारील, "ॲव्हरेज किती देते?" मग त्याच्या साडूच्या गाडीची हकीकत सुरू होईल. साडू हा मोटारसायकलीच्या चर्चेतला अत्यंत आवश्यक सुटा भाग आहे. स्वतःच्या गाडीबद्दल वाईट बोलायला कोणाची जीभ रेटत नाही. म्हणून वाईट अनुभव नेहमी साडूला आलेले असतात.

आमच्या घरात जो प्रश्न निघाला तो मात्र ॲव्हरेजचा नव्हता. माझा भाचा, वय वर्षं २२, ऐरोलीला नोकरीला लागला. पहिला पगार झाला, त्यात आईला साडी झाली. दुसरा झाला, त्यात मोबाईल झाला. तिसऱ्या पगाराला त्याने जाहीर केलं की आता आपण स्पोर्ट बाईक घेणार. परवाना हातात पडून आठ दिवस झाले होते आणि अनुभव म्हणाल तर मित्राच्या स्कूटीवर खांदा कॉलनी ते स्टेशन, स्टेशन ते खांदा कॉलनी.

"फार मोठी नाही रे मामा, मिडसाइज आहे," तो म्हणाला. शर्टाचं माप सांगावं तसं.

आता मधला आकार, मध्यम, हे शब्द मराठी माणसाला फार विश्वासाचे वाटतात. आपला वर्ग मध्यम, पोहे करायचे ते मध्यम आचेवर, कांदा चिरायचा तो मध्यम आकाराचा. मध्यम म्हटलं की त्यात कोणाचं वाईट होणार नाही अशी आपली समजूत. म्हणून मी चष्मा लावून त्या मध्यम गाडीचा कागद वाचायला घेतला. इंजिन ३७३ सीसी. ताकद ४३ घोड्यांची. वजन १७० किलोच्या आसपास.

मोटारीशी ताडून पाहिल्याशिवाय घोड्यांचा हिशेब मला कळत नाही. १९८३ साली मारुती ८०० आली. आमच्या अख्ख्या पिढीचं ते स्वप्न. तिची ताकद होती ३७ घोड्यांची आणि वजन साडेसहाशे किलो. तेवढ्या घोड्यांवर नवरा, बायको, दोन मुलं, आजी आणि लोणच्याची बरणी असं कुटुंब महाबळेश्वरचा घाट चढून जात असे. इथे त्याहून सहा घोडे जास्त, वजन जेमतेम पाव, आणि वर बसणार एकटा आमचा भाचा, वजन ५८ किलो, डब्यासकट. मध्यम या शब्दावरचा माझा विश्वास तिथे थोडा हलला.

रात्री बहिणीचा फोन. "दादा, तूच सांग त्याला. तुझं ऐकतो तो." माझं तो ऐकतो ही बातमी मला नवीन होती. "हप्ते फेडील रे तो," ती म्हणाली, "पण रात्री दार उघडायला जागी मीच असणार ना?"

भावजींना जाऊन सहा वर्षं झाली. यावर विनोद सुचला नाही. "बघतो," म्हणालो.

बघतो म्हटल्यावर आधी कॉलनीचं मत बघावं लागतं. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, गाडी कसली धोकादायक? चालवणारा धोकादायक." सिडकोतून निवृत्त झालेले हिशेबनीस म्हणाले, "सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यावर ४० टक्के. म्हणजे सरकारच्या लेखी ३५०च्या पुढे चैन सुरू होते. मुलगा २३ सीसीने चैनीत गेला बघा." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "त्याला मागे सीट कुठे असते? आईने बसायचं कुठे?" हा मुद्दा पुढे किती महत्त्वाचा ठरणार आहे याची काकूंनाही कल्पना नव्हती.

नवशिक्याला दुचाकी द्यायची आपली जुनी पद्धत फार शहाणपणाची होती. ती कोणी शहाणपणाने घालून दिली होती असं नव्हे. गाड्याच मिळत नसत. १९७२ साली कायनेटिकची लूना आली. ५० सीसी आणि शिवाय पेडलं. चढाला गाडी दमली तर मालकाने पाय मारायचे. जो वाहनाला वर चढवायला स्वतः मदत करतो, तो त्यावरून खाली येताना मस्ती करत नाही. त्याच साली बजाजची चेतक आली. तिचा नंबर लावला की कित्येक वर्षं वाट पाहायची. नंबर लावणारा तरुण असे. गाडी ताब्यात येईपर्यंत त्याचं लग्न होऊन, पोरं होऊन, तो आपोआप सावध गृहस्थ झालेला असे. गाडी देण्याची इतकी सुरक्षित पद्धत पुन्हा होणे नाही.

पुढे १९८३ साली राजदूत ३५० आली. मूळ यामाहाची, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, तीसेक घोडे. परदेशात हिला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आली ती ड्रम घेऊन. पळायची सोय जपानी आणि थांबायची सोय देशी. गल्लीत एखाद्याकडेच ती असायची आणि तिचा आवाज आला की आया पोरांना आत घेत. बहुतेकांनी मात्र ती घेतली नाही. धोक्यापायी म्हणू नका. पेट्रोल फार पीत असे म्हणून. मराठी माणसाला ॲव्हरेजने जितकं वाचवलं आहे तितकं हेल्मेटनेही वाचवलं नसेल.

आज ना नंबर लावायचा, ना वाट पाहायची. कावासाकीची निंजा ३०० आपल्याकडे २०१३ साली आली, केटीएमची आर.सी. ३९० त्याच्या पुढल्या वर्षी, तीही चाकणहून. कायदाही आड येत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १६व्या वर्षी ५० सीसीची बिनगिअरची, आणि १८ पूर्ण झाली की गिअरची कुठलीही. शंभर सीसीची घ्या की हजाराची, परवाना एकच. इंग्लंडमध्ये १७व्या वर्षी १२५ सीसी, १९व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत, आणि त्यापुढची मोकळीक आणखी पुढे. अशा पायऱ्या आहेत. भाच्याने हेही शोधून काढलं होतं. "३५ किलोवॅट म्हणजे ४७ घोडे, मामा. माझी त्याच्या आतच आहे. शिवाय माझं वय बावीस."

"पण तिकडची मुलं त्याआधी परीक्षा किती देतात?"

"मीपण दिली की. आठ काढला."

आपल्याकडे मोटारसायकलीच्या परवान्याला इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. पाय न टेकता आठ काढला की तो मनुष्य काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत वाहन हाकायला लायक झाला. गंमत अशी की स्पोर्ट बाईकवर हाच आठ काढणं कठीण. तिचं हँडल खाली, आणि वळतं थोडंच. म्हणून जिची हौस असते ती गाडी घरी ठेवून मुलं परीक्षेला कोणाची तरी शंभर सीसीची उसनी नेतात. आमच्या भाच्यानेही शेजाऱ्यांचीच नेली होती.

शेवटी मी ज्याला खरं कळतं त्याच्याकडे गेलो. रेल्वेच्या पलीकडे आमचा मेस्त्री आहे. हा बोलताना कधी वर बघत नाही. जगाकडे तो स्पार्क प्लगच्या उंचीवरून पाहतो. "गाडी वाईट नाही साहेब," तो म्हणाला. "ब्रेक चांगला, टायर चांगला. २०१९पासून सव्वाशेच्या वरच्या सगळ्यांना एबीएस आलंय, चाक लॉक होत नाही. फक्त एबीएस रस्त्यावरची वाळू झाडत नाही." मग त्याने स्वतःची मूठ हवेत धरली. "पोरगं म्हणतं, मूठ आपल्या हातात आहे, पिळली नाही तर गाडी गरीब. बरोबर. पण नवीन माणसाचा हात त्याच्या हातात असतो का? खड्ड्यात चाक गेलं, अंग मागे गेलं, की मूठ आपोआप पिळली जाते. शंभरची गाडी घुर्र करते आणि गप्प बसते. ही उडी मारते. लहान गाडी चूक उधारीवर लिहून घेते, साहेब. मोठी जागेवर रोख घेते."

उरलेलं त्याने सहज सांगितलं. या गाड्यांची ताकद फार वरच्या फेऱ्यांत असते. गर्दीत हळू चालवली की गचके खाते आणि मांड्या भाजते. पुढे वाकून बसायचं, म्हणून अंगाचा भार मनगटावर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट जागा लागते. ताशी ६० वेगाला नुसतं "अरे!" म्हणायला एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी १७ मीटर गेलेली असते, १०० वेगाला २८. शिवाय बाजूचं ते रंगीत प्लॅस्टिक. गाडी उभ्या उभ्या आडवी झाली तरी ते फुटतं. आणि नवशिक्याची गाडी उभ्या उभ्याच जास्त आडवी होते.

आता ही गाडी आमच्या खांदेश्वरात पळवायची कुठे? ज्या रस्त्यावर ती खरोखर पळेल, तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, आमच्या शेजारी कळंबोलीलाच सुरू होतो. त्यावर दुचाकीला बंदी. २०२४ साली अटल सेतू झाला, त्यावरही बंदी. उरला शीव-पनवेल महामार्ग. तिथे कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रेलर आणि उरणच्या बंदराचे कंटेनर, आणि पावसाळ्यात त्यांच्या चाकांचं पाणी थेट हेल्मेटच्या काचेवर. म्हणजे ४३ घोडे घ्यायचे आणि सिग्नलला रिक्षाच्या मागे उभे करायचे.

हे सगळं मी भाच्यासमोर मांडलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, इथे विमानतळ झाला. तू अजून लूनावरच."

मुलगा चुकीचं बोलत नव्हता. हौस ही काय वाईट गोष्ट आहे? बापाच्या आजारपणात ज्याने कॉलेजात कधी कँटीनचं बिल होऊ दिलं नाही, त्याने स्वतःच्या पगारातून एक तरी गोष्ट गरज नसताना घ्यावी, असं मलाही वाटत होतं. त्याला नाही म्हणायचं नव्हतं. 'आत्ता नाही' म्हणायचं होतं, आणि मराठीत या दोन वाक्यांतला फरक समोरच्याला ऐकूच येत नाही.

तेव्हा मला आपल्या वाडवडिलांचं वाक्य आठवलं: तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत. पुण्यतिथ्या आणि वाढदिवस सोडून पूर्वजांनी अनुभव पावसाळ्यात मोजला, त्याअर्थी त्यांच्याकडे दुचाकी नसली तरी दुचाकीची दृष्टी होती. कोरड्या रस्त्यावर कोणीही चालवतो. पांढऱ्या पट्ट्यावर चाक घसरतं, डबकं दिसतं वीतभर आणि असतं हातभर, पुढचा ब्रेक हळू दाबायचा, हे एका पावसाळ्यात जितकं कळतं तितकं कुठल्याही आठात कळत नाही.

"एक पावसाळा," मी म्हणालो. "खाली भावजींची शंभर सीसीची ताडपत्रीखाली उभी आहे. आठ घोडे आहेत तिच्यात. जून ते सप्टेंबर ती चालव. दसऱ्याला शोरूममध्ये मीच येतो, हार घेऊन."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चालू होईल का ती?"

मेस्त्रीने दोन दिवस घेतले. नवीन बॅटरी, नवीन टायर, कार्बोरेटर साफ. चालू झाली तेव्हा बहीण गॅलरीत आली होती. आवाज ओळखीचा असावा. ती काही बोलली नाही, आत गेली आणि थोड्या वेळाने पर्स घेऊन खाली आली. "मार्केटपर्यंत सोड," म्हणाली, आणि सहा वर्षांनी त्या सीटवर एका बाजूला, साडी सावरून बसली. आईला मागे घेऊन गाडी चालवण्याइतकं मोठं शिक्षण नाही. पाठीमागून "हळू!" ऐकू येतं, आणि ते कुठल्याही एबीएसच्या आधी लागतं.

जुलै संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तो चिंब भिजून माझ्याकडे आला. हेल्मेट काढून चहाला बसला. कळंबोलीच्या वळणावर त्याच्यापुढेच एका मुलाची नवी कोरी स्पोर्ट बाईक घसरली होती. वेग फार नव्हता, म्हणून मुलाला लागलं नाही. बाजूचं प्लॅस्टिक तेवढं गेलं. भाच्याने गाडी उचलायला हात लावला होता.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही नाही रे मामा," त्याने बशीत चहा ओतला. "नवशिका होता. अजून पावसाळे पाहायचेत त्याने."

भाच्याने स्वतः पाहिलेला पावसाळा एकच होता, आणि तोही अजून संपायचा होता.