दाजीपूरचा स्टोव्ह

रॉकेलचा स्टोव्ह आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांतून गेला. गॅस हळूहळू येतच होता, २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर तो उरलेल्या घरांतही पोहोचला. रेशनचे निळे रॉकेल दिसेनासे झाले. स्टोव्ह गेला, पण त्याची भीती गेली नाही. हे मला कळले ते आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या आठवीच्या मुलींना एका रात्रीच्या मुक्कामासाठी दाजीपूरला न्यायचे ठरले तेव्हा.

कोल्हापूरच्या माणसाला दाजीपूर सांगायला नको. १९५८ साली हे जंगल गव्यांसाठी राखले गेले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जंगलांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीतही आले. अशा जंगलात तीन दगड मांडून चूल पेटवता येत नाही. वन्यजीव कायदाच आड येतो, आणि डिसेंबरातले वाळके गवत पाहिले की कायद्याचे म्हणणे पटतेही. म्हणून मुक्काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावाकडेला ठरवला आणि स्वयंपाकासाठी स्टोव्ह न्यायचा असे ठरले.

आयांची बैठक बोलावली. मला वाटले होते, मुली रात्री बाहेर राहणार यावरून प्रश्न येतील. ते आलेच. मी आणि आणखी दोन शिक्षिका सोबत असणार, हे सांगितल्यावर बहुतेक जणी मानल्या. पण एक आई गप्प बसून होती. शेवटी म्हणाली, "आपा, गव्वेका डर नै मेरेकू. इष्टोका है."

तिची बहीण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी जळून गेली होती. १९९६ सालची गोष्ट. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. माझ्या वयाच्या कुणाही बाईने अशा ओळी लहानपणी वाचल्या आहेत. त्या कोणत्याही एका जमातीच्या नव्हत्या. नाव बदलायचे, गाव बदलायचे, वाक्य तेच असायचे. भडका नेमका सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या किंवा नवऱ्याच्या अंगावर का नाही, असा प्रश्न स्त्री-संघटना त्या काळात विचारत होत्या. १९८३ साली ४९८-अ हे कलम आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब आले. १ जुलै २०२४ पासून हीच कलमे भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० या आकड्यांनी आहेत. कायदा बदलत गेला. आमच्या घरांत मात्र मुलींना एवढेच शिकवले गेले, की स्टोव्हपासून लांब राहा.

मी ठरवले, तोंडी समजूत घालायची नाही. अम्मीचा पितळी स्टोव्ह माळ्यावर होता. तो शाळेत नेला, आयांना आणि मुलींना पुन्हा बोलावले आणि सगळ्यांसमोर खोलला. ही टाकी. ती पाऊण भरायची, काठोकाठ नाही, कारण वर हवेला जागा लागते. हा पंप, त्यातला हा चामड्याचा वायसर. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरभोवती लावायचा आणि पेटवायचा. बर्नर तापला की आत चढणाऱ्या रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून जोराने बाहेर येते आणि निळी जळते. बर्नर पुरता तापला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच वर येते आणि पिवळा जाळ उठतो. तेव्हा ही चावी सोडायची, हवा निघते, जाळ बसतो. पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल कधीच ओतायचे नाही. निपल चोंदले तर पिन मारायची, पंप मारत सुटायचे नाही. ओढणी मागे बांधायची.

हे यंत्र मुळात स्वीडनचे. १८९२ च्या सुमारास फ्रान्स लिंडक्विस्टने ते स्टॉकहोममध्ये बनवले आणि प्रायमस या नावाने विकले. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेनजवळ प्रायमस होता. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या तुकडीनेही तोच नेला होता. जगाने जो स्टोव्ह बर्फात माणसे जगवायला नेला, तो आमच्याकडे दोन ओळींच्या बातमीत अडकला.

ती आई पुढे आली. चावी सोडून जाळ बसताना तिने दोनदा पाहिला. मग विचारले, "म्हणजे बाई नुसती बाजूला बसून भाकरी करत असली, तर पायापासून डोक्यापर्यंत पेटेल असा भडका तो उडवेल का?" मी म्हटले, अपघात होतात, चुकीने रॉकेल सांडते, कपडा पेट घेतो. तुमच्या बहिणीच्या घरी त्या दिवशी काय झाले हे मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मेरेकू बी किसने नै बताया." मग तिने स्वतः पंप मारला. जाताना मुलीच्या संमतीपत्रावर सही केली.

दाजीपूरला आम्ही दोन स्टोव्ह नेले. एक अम्मीचा, दुसरा ट्रेकिंगवाल्यांकडून मागून आणलेला, गॅसच्या छोट्या डबीवर बसणारा. मुलींनी दोघांची परीक्षाच घेतली. पातेले तेच, पाणी एक लिटर, हातात घड्याळ. संध्याकाळी डबीवाल्याने पाच मिनिटांत पाणी उकळले. पितळीवाल्याला सात लागली, शिवाय काकड्याची तीन. पहाटे उलटे झाले. दहिवर पडले होते, डबी अर्धी संपली होती, तिची ज्योत मलूल झाली आणि डबीचे अंग ओले, गार पडले. त्याच पाण्याला नऊ मिनिटे लागली. अम्मीचा स्टोव्ह मात्र आदल्या दिवसासारखाच फुरफुरत होता.

असे का, हे मी वर्गात कितीदा शिकवले असेन. द्रवाची वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो. म्हणूनच सुराहीतले पाणी गार होते. डबीतल्या ब्युटेनची वाफ व्हायला आसपासची ऊब लागते. थंडीत ती कमी पडते, आत दाब उरत नाही. पितळी स्टोव्हला दाब आपण हाताने देतो, त्याला हवामानाची पर्वा नाही. पुस्तकातला 'तबखीर' हा शब्द मुलींना तोंडपाठ होता, त्या पहाटे त्यांनी तो गार डबीला हात लावून पाहिला. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला तर तो ९७ अंशांच्या आसपास थांबला. मग 'नुक्त-ए-जोश' शंभर का नाही, यावर चहा होईपर्यंत वाद चालला. दर तीनशे मीटर चढलो की साधारण एक अंश कमी होतो, हा हिशेब त्यांनीच लावला. भात उशिरा का शिजला, तेही मग समजले.

वारा अडवायला एक मुलगी पत्रा डबीभोवती गुंडाळायला निघाली होती, तिला तिथेच थांबवले. तशाने डबी तापून फुटू शकते, पत्रा फक्त वाऱ्याच्या बाजूने धरायचा. तंबूत तर कोणताच स्टोव्ह पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

मला वाटते, मुलींना आगीपासून लांब ठेवून आपण त्यांना सुरक्षित करत नाही. आग कशी पेटते, कशी विझते, कशी आपोआप लागत नाही, हे ज्या मुलीला नेमके ठाऊक आहे, तिला उद्या कुणी 'भडका उडाला' एवढेच सांगून गप्प बसवू शकणार नाही. ती दुसरा प्रश्न विचारेल.